खाऱ्या पाण्याचा हिशेब

दर्यापूर हे नाव नकाशात न पाहता नुसते ऐकले, तर हे गाव कोकणात कोठेतरी समुद्राकाठी असेल असे तुम्हांला वाटेल. प्रत्यक्षात ते आहे वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्याच्या पश्चिम भागात, चंद्रभागा नदीच्या काठी. (ही पंढरपूरची चंद्रभागा नव्हे. ही सातपुड्याकडून येते आणि पूर्णेला मिळते.) तेथून अरबी समुद्र साडेचारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तरीही या तालुक्यातील पुष्कळ विहिरींचे पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावले, की ते खारट लागते.

हा प्रकार एकट्या दर्यापूरचा नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील आठशेहून अधिक गावांच्या पायांखाली असेच पाणी आहे. या भूभागाला तेथील लोकांनी मोठे नेमके नाव दिले आहे: खारपाणपट्टा. पिण्यासाठी आता बऱ्याच गावांना सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर, वान अशा धरणांचे गोडे पाणी नळाने मिळते. पण शेताचे काय? पावसाने दडी मारली आहे, पिकाने माना टाकल्या आहेत, विहिरीत पाणी आहे; अशा वेळी कोणी तरुण मुलगा पंप लावायला निघाला, तर घरातील जाणते माणूस त्याला अडवते: "हे पानी नको देऊ बापा, वावर बिघडते."

पाणी दिल्याने वावर बिघडते कसे? या साध्या वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. एक गोष्ट झाडाच्या मुळाशी घडते, दुसरी मातीच्या कणाशी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला भौतिक रसायनशास्त्राच्या पुस्तकात या दोन गोष्टी दोन वेगळ्या प्रकरणांत येतात आणि पुष्कळ विद्यार्थी त्या केवळ परीक्षेपुरत्या पाठ करतात. दर्यापूरच्या शेतात मात्र त्या एकाच सरीत शेजारी शेजारी भेटतात. चला, आधी झाडाकडे जाऊ.

तुमच्या घरी उन्हाळ्यात कैरीचे लोणचे घालतात. चिरलेल्या फोडींना मीठ चोळून ठेवले, की तासा-दोन तासांत भांड्याच्या तळाशी पाणी जमते. आपण म्हणतो, "मिठाने पाणी सुटले." उलट, वाळलेल्या मनुका साध्या पाण्यात टाकल्या, तर सकाळी त्या टम्म फुगलेल्या असतात. दोन्ही ठिकाणी एकच क्रिया चालू असते. फोडीतील किंवा मनुकेतील प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. त्यातून पाण्याचे रेणू सहज ये-जा करतात, मीठ किंवा साखर यांना मात्र तो वाट देत नाही. अशा पडद्याला अर्धपार्य पटल म्हणतात. पडद्याच्या एका बाजूला शुद्ध पाणी आणि दुसऱ्या बाजूला मिठाचे पाणी असेल, तर रेणू दोन्हीकडून जातात-येतात. पण मिठामुळे त्या बाजूच्या पाण्याची बाहेर पडण्याची प्रवृत्ती कमी झालेली असते. परिणामी पाणी शुद्ध बाजूकडून खाऱ्या बाजूकडे सरकत राहते. या क्रियेला तर्षण म्हणतात. काही पुस्तकांत परासरण हा शब्दही तुम्हांला आढळेल. 'तर्ष' म्हणजे तहान. तेव्हा आपल्या विषयाला हा शब्द किती चपखल बसतो ते पाहा!

फ्रान्समधील नोले यांनी १७४८ मध्ये ही क्रिया प्राण्याच्या मूत्राशयाचा पडदा वापरून पाहिली होती. पण नुसते पाहणे वेगळे आणि मोजणे वेगळे. मोजमाप केले जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी, १८७७ मध्ये. त्यांनी मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत एका तांबेयुक्त क्षाराचा पडदा तयार केला, आत साखरेचे पाणी भरले, भांडे साध्या पाण्यात ठेवले आणि आत शिरणाऱ्या पाण्याला थोपवून धरायला किती दाब द्यावा लागतो ते पाहिले. या दाबाला तर्षण दाब म्हणतात. शेकडा एक साखरेच्या द्रावणाला तो जवळजवळ ०.७ वातावरण इतका भरला. (हवेचा समुद्रसपाटीवरील नेहमीचा दाब म्हणजे १ वातावरण. सुमारे दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी जेवढा दाब देईल, तेवढा.)

फेफरचे हे आकडे हॉलंडमधील व्हांट हॉफ या रसायनशास्त्रज्ञाच्या कानांवर गेले, तेही ह्यूगो द व्हरीस या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राकडून. व्हांट हॉफने आकडेमोड केली आणि त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. साखरेचे रेणू पाण्यात विरघळलेले नसून तेवढ्याच जागेत वायुरूपाने भरलेले आहेत असे मानले, तर त्या वायूचा दाब जेवढा येईल तेवढाच हा तर्षण दाब होता! वायूंचा जो नियम तुम्ही शाळेत शिकता, तोच पातळ द्रावणांनाही लागू पडत होता. वायूच्या दाबाला रेणू कोणता याच्याशी कर्तव्य नसते, किती आहेत याच्याशी असते. तसेच येथेही. पडद्यापलीकडे साखर आहे की मीठ की युरिया, हे पाणी विचारत नाही. ते फक्त डोकी मोजते. व्हांट हॉफला १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या शोधाचा वाटा होता.

एक अडचण मात्र होती. मिठाच्या द्रावणाचा दाब हिशेबापेक्षा जवळजवळ दुप्पट येई. हे कोडे सुटले स्वीडनच्या अऱ्हेनियसमुळे. १८८७ मध्ये त्याने ठामपणे सांगितले, की मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन प्रभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. डोकी दुप्पट, म्हणून दाबही दुप्पट. याच विचारांची सुरुवात असलेल्या त्याच्या प्रबंधाला तीन वर्षांपूर्वी विद्यापीठाने अगदी खालचा दर्जा दिला होता, आणि पुढे १९०३ मध्ये त्यालाही नोबेल मिळाले, ही गंमत जाता जाता ध्यानात ठेवा.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि हिशेब करा. खारपाणपट्ट्यातील एखाद्या विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ३ ग्रॅम क्षार आहेत असे धरू. (पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाप्रमाणे अर्धा ग्रॅम ही योग्य मर्यादा आहे; दुसरे पाणीच नसेल तर २ ग्रॅमपर्यंत चालवून घेतात.) सोपेपणासाठी ते सारे क्षार म्हणजे साधे मीठ आहे असे समजू. मिठाचा रेणुभार ५८.५. म्हणून ३ भागिले ५८.५, म्हणजे सुमारे ०.०५ मोल मीठ, आणि आयन त्याच्या दुप्पट, ०.१ मोल. याला वायू-स्थिरांक ०.०८२ ने आणि निरपेक्ष तापमान ३०० ने गुणा. उत्तर येते सुमारे अडीच वातावरण. म्हणजे हे पाणी आत ओढून घ्यायला मुळाला जो जादा जोर लावावा लागतो, तो पंचवीस मीटर खोल विहिरीतून पाणी वर खेचण्याइतका आहे. मूळ जमिनीपासून वीतभर खाली असले तरी!

बरे, गोष्ट येथे थांबत नाही. मूळ पाणी घेते, क्षार बहुतेक मागे ठेवते. वरून ऊन पाणी उडवते, तेही क्षार मागेच ठेवते. जमिनीतील पाणी निम्मे झाले, की दाब पाच वातावरण. पाव उरले, की दहा. मातीचे कण जे पाणी स्वतःशी धरून ठेवतात, त्याची ओढ आणखी वेगळी. ही सारी ओढ १५ वातावरणांच्या आसपास पोहोचली, की बहुतेक पिके कायमची कोमेजतात असे शेतीशास्त्रात धरतात. माती हाताला ओली लागते, आणि रोप तहानेने मरते.

क्षारांचे वजनही पाहून घ्या. एक एकर शेताला पाच सेंटिमीटर पाणी दिले, तर ते होते सुमारे दोन लाख लिटर. लिटरमागे तीन ग्रॅम, म्हणजे सहाशे किलो क्षार! एका पाळीला एकरी सहा क्विंटल. कोरडवाहू कपाशी एकरी जेवढी निघते, त्याच्या जवळपास वजनाचे मीठ आपण एका पाण्यात शेताला देऊन बसतो.

हल्ली गावागावांत पाण्याचे 'आरओ' यंत्र दिसते. ते म्हणजे उलटे तर्षणच. खाऱ्या बाजूवर तर्षण दाबापेक्षा बराच जास्त दाब दिला, की पाणी उलट्या दिशेने, म्हणजे गोड्या बाजूकडे येते. प्यायला ही युक्ती ठीक आहे. दोन लाख लिटरांना मात्र ती परवडत नाही, आणि यंत्रातून वेगळे निघालेले अधिकच खारे पाणी कोठे सोडायचे हा प्रश्न राहतोच.

येथपर्यंतच्या हिशेबात एक खोच आहे, ती तुमच्यापैकी एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाच्या लक्षात आली असेल. कपाशी हे खारेपणा बरेच सोसणारे पीक आहे. मूग, हरभरा यांच्यासारखे नाजूक नव्हे. मग कपाशीला तरी हे पाणी द्यायला हरकत काय? आणि दुसरे असे, की या पट्ट्यात दरवर्षी सरासरी सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाचे पाणी तर गोडे. त्याने हे मीठ धुऊन का निघत नाही?

याचे उत्तर आहे मातीत. म्हणून आता दुसरी गोष्ट.

पूर्णेचे खोरे ही उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांमधील खोलगट जागा आहे. तीत नद्यांनी गाळ आणून भरला. काही ठिकाणी तो तीनशे मीटरहूनही जाड आहे. हा गाळ काळ्या बसाल्ट खडकाच्या झिजेतून आला. त्या खडकातील खनिजे कुजताना सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही सुटतात. पूर्वी काही जण म्हणत, की येथे एके काळी समुद्र असावा. पण समुद्राची गरजच नाही. सपाट जमीन, पाण्याला निचरा नाही, वर्षाचे आठ महिने कडक ऊन. एवढे साहित्य पुरेसे आहे. पाणी आटू लागले, की सर्वांत कमी विरघळणारा पदार्थ आधी बाहेर पडतो. तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपली चुनखडी. काळ्या जमिनीत खणताना पांढरे खडे लागतात ना, ते हेच. कॅल्शियम असा खडा होऊन बसला, की द्रावणात शिल्लक कोण? सोडियम. त्याचे क्षार इतके विद्राव्य, की ते शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. चुनखडी वाढते तसा सोडियमचा वरचष्मा वाढतो.

आता काळ्या मातीचा एक कण कल्पनेने फार मोठा करून पाहा. तो पत्त्यांच्या कॅटासारखा दिसेल, एकावर एक पातळ पापुद्रे. या पापुद्र्यांवर ऋण विद्युत्प्रभार असतो, म्हणून त्यांच्या मध्ये आणि भोवती धन आयन चिकटून असतात. ते पक्के बांधलेले नसतात, त्यांची अदलाबदल होऊ शकते. १८५० मध्ये इंग्लंडात टॉमसन आणि वे यांनी मातीवर अमोनियम सल्फेटचे पाणी ओतले, तेव्हा खालून बाहेर आले कॅल्शियम सल्फेट! अमोनियम मातीने ठेवून घेतले आणि बदल्यात कॅल्शियम दिले. याला आयन-विनिमय म्हणतात.

मातीजवळ कॅल्शियम असते तेव्हा त्याच्या दुहेरी प्रभारामुळे तो पापुद्र्यांना घट्ट धरून ठेवतो. कणांचे पुंजके होतात, पुंजक्यांमध्ये पोकळ्या राहतात, त्यांतून पाणी आणि हवा खेळते. सोडियमचा प्रभार एकेरी, त्याची पकड सैल. तो पापुद्र्यांपासून जरा दूरच रेंगाळतो. मग पापुद्रे एकमेकांना दूर ढकलतात, माती फुगते, कण सुटे होऊन पाण्यात तरंगतात आणि खालच्या बारीक पोकळ्यांमध्ये जाऊन बुचासारखे बसतात. येथे नुसती डोकी मोजून भागत नाही. पाणी कणांची संख्या पाहते, माती त्यांचा प्रभार पाहते. शुल्झ आणि हार्डी या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवले, की तरंगणारे कण खाली बसवायला एकेरी प्रभाराच्या आयनांपेक्षा दुहेरी प्रभाराचे आयन कितीतरी कमी पुरतात. साधारण पन्नासाव्या हिश्श्याइतके. पुराचे गढूळ पाणी निवळायला आपल्या आज्या तुरटीचा खडा फिरवीत, त्या तुरटीतील ॲल्युमिनियमचा प्रभार तर तिहेरी!

आणि आता पावसाचे कोडे सोडवू. विहिरीचे खारे पाणी शेतात असते तोवर माती फारशी बिघडलेली दिसत नाही, कारण सोडियम दुबळा असला तरी संख्येने भरपूर असतो आणि त्या गर्दीच्या जोरावर कणांना एकत्र ठेवतो. मृगाचा पाऊस आला, की पाण्यातील क्षार विरळ होतात. मातीला चिकटलेला सोडियम मात्र तेथेच राहतो. गर्दी गेली, दुबळा पहारेकरी उरला! कण सुटतात, पोकळ्या बुजतात, आणि जे पाणी क्षार धुऊन न्यायला खाली जायचे, ते वरच डबके करून उभे राहते. शेतात पाय टाकवत नाही. उघडीप पडली, की तीच माती दगडासारखी होते आणि तिला रुंद भेगा पडतात. म्हणजे गोडे पाणी या मातीला बरे करण्याऐवजी तिचे दार बंद करते. जाणत्या माणसाच्या "वावर बिघडते" या शब्दांत हे सगळे आले.

सोडियमचे प्रमाण किती झाले म्हणजे माती बिघडली म्हणायचे? अमेरिकेत १९५४ मध्ये ठरलेले आणि जगभर चाललेले माप असे, की मातीवरील अदलाबदलीच्या जागांपैकी शेकडा १५ जागा सोडियमने व्यापल्या म्हणजे. पण नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात पूर्णेच्या खोऱ्यातील मातीतून पाणी किती झिरपते ते मोजले, तेव्हा शेकडा ५ च्या आसपासच निचरा ढासळू लागतो असे आढळले. परदेशी पुस्तकातील आकडा आपल्या काळ्या मातीला जसाच्या तसा लावला असता, तर कितीतरी बिघडलेली शेते 'चांगली' म्हणून नोंदली गेली असती.

उपाय काय, हे आता तुम्हीच सांगू शकाल. सोडियमला हटवून त्याच्या जागी कॅल्शियम बसवायचा. मातीत चुनखडी आहे, पण ती विरघळतच नाही म्हटल्यावर तिचा कॅल्शियम कुलूपबंद. म्हणून जिप्सम टाकतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. लिटरभर पाण्यात ते सुमारे अडीच ग्रॅम विरघळते, फार नाही आणि फार कमीही नाही. कॅल्शियम मातीवर बसतो, सोडियम सल्फेट पाण्यात येते. ते पाणी मात्र चर खणून शेताबाहेर काढायलाच हवे, नाहीतर अदलाबदल उलटी फिरायला वेळ लागत नाही. ताग किंवा धैंचा गाडला, तर तो कुजताना कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याच्या आम्लतेने चुनखडीचे कुलूपही थोडे थोडे उघडते. आणि पिकाला अडचणीच्या वेळी द्यायला शेततळ्यात साठवलेले पावसाचे पाणी असेल, तर विहिरीकडे जायलाच नको.

हे सारे घरी पाहायचे आहे? मग तीन पारदर्शक बाटल्या घ्या. प्रत्येकीत दोन-दोन चमचे बारीक केलेली काळी माती घाला आणि अर्धा लिटर पावसाचे पाणी भरा. पहिलीत दुसरे काही नको. दुसरीत चमचाभर मीठ. तिसरीत फळ्यावरच्या खडूची चमचाभर भुकटी. साच्यातले खडू बहुधा जिप्समचेच असतात. तिन्ही बाटल्या खूप हलवून ठेवून द्या. मिठाची आणि खडूची बाटली लवकर निवळेल. आता या दोहोंतील वरचे नितळ पाणी हळूच ओतून टाका, पुन्हा पावसाचे पाणी भरा, हलवा आणि ठेवा. असे तीन-चार वेळा करा. प्रत्येक वेळी पाणी निवळायला किती मिनिटे लागली ते वहीत लिहून ठेवा, आणि मिठाच्या बाटलीपुढचा आकडा कसा बदलत जातो तिकडे नीट लक्ष द्या. ज्यांचे गाव खारपाणपट्ट्यात आहे, त्यांनी चौथी बाटली आपल्या वावरातील मातीची ठेवावी.